ज्याला जोडच दिली नाही

आमच्याकडे जत्रेतलं कुस्तीचं मैदान दुपारी सुरू होतं ते पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी, मग नारळावरच्या, मग शंभर-दोनशेच्या, असं चढत चढत दिवस मावळायला शेवटची मोठ्या इनामाची निकाली कुस्ती. मधल्या कुस्त्यांसाठी पैलवान लंगोट लावून फडात फिरत असतात आणि पंच नि वस्ताद मंडळी अंगापिंडाने सारखा गडी बघून जोड लावून देतात. माझे आबा तरुणपणी कराडच्या आसपासच्या बऱ्याच जत्रा फिरलेत, डावा कान मोडलेला आहे त्यांचा. लहानपणापासून त्यांच्या तोंडून एक गोष्ट ऐकत आलोय, की हरलेली कुस्ती आठ दिवसात अंगावेगळी होते, पण ज्या दिवशी दिवसभर फडात फिरलो आणि जोडच लागली नाही तो दिवस अजून आठवतो.

लेन जॉन्सनबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आबांचं हेच वाक्य आठवलं. हा मँचेस्टरचा बॉक्सर, 1920 ते 1933 च्या दरम्यान सव्वाशेच्या वर लढती लढला, नव्वदच्या वर जिंकला, त्याच्या वजनात ब्रिटनमध्ये चॅम्पियन म्हणवलेल्या माणसांना त्याने हरवलं, आणि ब्रिटिश टायटलसाठी, म्हणजे देशाच्या चॅम्पियनपदासाठी, त्याला आयुष्यात एकदाही रिंगमध्ये उभं राहू दिलं नाही. एकदाही नाही. कारण नियमच होता, की ब्रिटिश टायटल लढणाऱ्याचे आई आणि वडील दोघंही गोरे पाहिजेत.

मी मँचेस्टरला नऊ वर्षं आहे. ऑफिस सायन्स पार्कच्या जवळ आहे आणि त्या सगळ्या काचेच्या नव्या बिल्डिंग्जच्या मधोमध विटांचं एक जुनं पब उभं आहे, ओल्ड ॲबी टॅपहाऊस नावाचं. आजूबाजूचं सगळं पाडलं आणि हे एकटंच राहिलं असं बघितल्याबरोबर कळतं. पहिली दोन वर्षं मी त्याच्या समोरून रोज जायचो आणि मला काही माहीत नव्हतं. मग एका सहकाऱ्याने जेवायला तिथे नेलं आणि सहज बोलता बोलता सांगितलं की याच दारातून एका बॉक्सरला हाकललं होतं. त्या रात्री घरी येऊन मी जे वाचायला बसलो ते पहाटे तीनला उठलो. तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यातून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

लेन जॉन्सनचा जन्म 22 ऑक्टोबर 1902 चा, मँचेस्टरच्याच क्लेटन भागातला. वडील विल्यम जॉन्सन पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचे, जहाजावर काम करत इंग्लंडला आले आणि इथेच राहिले. आई मार्गारेट मँचेस्टरची, आयरिश वळणाची गोरी बाई. काळ्या माणसाशी लग्न केलं म्हणून तिला मारहाण झाली होती आणि त्याचे व्रण तिच्या चेहऱ्यावर कायमचे राहिले. म्हणजे बघा, त्या घरातल्या पोरांनी रोज सकाळी आईच्या तोंडाकडे बघितलं की त्यांना कळत असणार की बाहेरचं जग आपल्याला काय समजतं. मला लेनच्या बॉक्सिंगपेक्षाही हे आधी आठवतं, आणि पुढे हा माणूस जे जे वागला त्याची मुळं मला तिथेच दिसतात.

वडील स्वतः थोडंफार बॉक्सिंग केलेले. पण लेन खरा तयार झाला तो बूथमध्ये. आता बूथ म्हणजे काय ते नीट सांगायला पाहिजे, कारण आपल्या जत्रेशी त्याचं इतकं जवळचं नातं आहे की वाचताना मला हलगी ऐकू येत होती. तिकडच्या जत्रांमध्ये मोठा तंबू असायचा, समोर लाकडी फलाट, फलाटावर तंबूचे ठरलेले चार-सहा बॉक्सर रांगेत उभे, आणि एकजण ओरडून गर्दीला आव्हान देणार, की आहे का कोणी मर्द, आमच्या या गड्यासमोर तीन राउंड टिकून दाखवा आणि इतके इतके पैसे घेऊन जा. मग गर्दीतला एखादा खाणकामगार, एखादा गोदी कामगार, कधी चांगला तालमीतला बॉक्सरसुद्धा हात वर करायचा, त्याच्याकडे ग्लोव्ह्ज फेकायचे आणि सगळी गर्दी तिकीट काढून आत. लढत रंगली की खूष झालेले लोक रिंगमध्ये नाणी फेकायचे, त्याला तिकडे नॉबिन्स म्हणतात, आपण दौलतजादा म्हणू.

लेन बर्ट ह्यूज नावाच्या माणसाच्या बूथमध्ये लागला. बूथमध्ये दिवसाला एक लढत नसते, गर्दी असेल तितक्या असतात, समोर कोण येईल, किती वजनाचा येईल, प्यायलेला येईल की तयारीचा, काही माहीत नाही. तिथे जो माणूस दणादण मार खात मार देत लढेल तो महिनाभरात संपणार. टिकायचं तर मार चुकवायलाच शिकावं लागतं. लेन ते शिकला आणि असा शिकला की त्या काळात बचावाची कला म्हटलं की त्याचं नाव घ्यायचे. लांब सरळ डावा हात, तो समोरच्याच्या तोंडावर सारखा टेकवत राहायचा, आणि दुसऱ्याचा ठोसा यायच्या आत अर्धं पाऊल मागे. ठोसा त्याचा फार जड नव्हता, नॉकआऊट बघायला आलेल्या लोकांना तो कंटाळवाणाही वाटायचा. पण आबांसारख्या माणसाला विचारा, ते सांगतील की ताकदीवर कुस्ती मारणारे गावोगाव असतात, समोरच्याचा डाव लागूच न देणारा पंचक्रोशीत एखादा.

तर 1925 साल. मिडलवेट, म्हणजे 160 पौंड, आपल्या हिशोबात साडेबहात्तर किलोच्या आसपास. या वजनात रोलंड टॉड हे मोठं नाव, 1923 मध्ये टेड किड लुईससारख्या माणसाला हरवून तो ब्रिटिश चॅम्पियन झालेला. लेनने त्याला 1925 मध्ये मँचेस्टरमध्ये हरवलं. आणि कोणाला वाटेल की चुकून झालं असेल, तर त्याच वर्षात परत हरवलं. पण या लढतींवर टायटल लागलेलं नव्हतं, लावताच येत नव्हतं. त्यामुळे झालं काय, तर ज्याला हरवलं त्याच्या नावापुढे चॅम्पियन ही पदवी कायमची लागली आणि ज्याने हरवलं तो मँचेस्टरचा एक चांगला बॉक्सर एवढाच राहिला.

मला हे पहिल्यांदा वाचताना समजेचना. म्हणजे बंदी असेल तर लढूच देऊ नका ना. पण तसं नव्हतं. गोऱ्या बॉक्सरशी लढायला परवानगी होती, त्याच्या नावावर हॉल भरवायला परवानगी होती, तिकिटं विकायला होती. फक्त लढतीला टायटलची लढत म्हणायचं नाही. त्याचं कसब बाजारात चालत होतं, मान चालत नव्हता. आणि हे लपूनछपून नाही, एखाद्या पंचाने बेइमानी केली असं नाही, चक्क नियमावलीत. आधी लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबच्या हातात हे सगळं होतं, प्रतिष्ठित लोकांचा क्लब, ब्रिटिश चॅम्पियनला मिळणारा लॉन्सडेल बेल्ट 1909 मध्ये त्यांनीच सुरू केला. मग 1929 मध्ये ब्रिटिश बॉक्सिंग बोर्ड ऑफ कंट्रोल नव्याने उभं राहिलं आणि त्यांनीही गोऱ्या आईवडिलांची अट नियमात ठेवली.

ही अट आली कुठून, याचा माग काढत गेलो तर मी सरळ आपल्याच दारात येऊन पोचलो. 1908 मध्ये जॅक जॉन्सन हा काळा अमेरिकन जगाचा हेवीवेट चॅम्पियन झाला आणि 4 जुलै 1910 ला त्याने रिनो गावात जिम जेफ्रीज या गोऱ्या माजी चॅम्पियनला धुतलं. त्याची फिल्म निघाली, आणि ती साम्राज्यातल्या काळ्या-सावळ्या प्रजेने बघितली तर काय होईल या भीतीने तिच्यावर बंदी घाला म्हणून ठिकठिकाणी ओरड झाली. पुढच्या वर्षी, 1911 मध्ये, लंडनला जॅक जॉन्सनची लढत ठरली बॉम्बार्डियर बिली वेल्सशी. हा वेल्स भारतात तोफखान्यात होता, बॉक्सिंगमध्ये त्याचं नाव झालं ते इथल्या छावण्यांमध्ये. तर ही लढत होऊ नये म्हणून पाद्री लोकांनी मोठी मोहीम चालवली आणि शेवटी गृहमंत्री विन्स्टन चर्चिलने ती बेकायदेशीर ठरवून बंद पाडली. 1922 मध्ये सेनेगलच्या बॅटलिंग सिकीने पॅरिसमध्ये जॉर्ज कार्पेंतिए या गोऱ्या चॅम्पियनला आडवं केलं, तर त्याची लंडनला ठरलेली गोऱ्या जो बेकेटबरोबरची लढतही होम ऑफिसने, म्हणजे तिकडच्या गृहखात्याने, होऊ दिली नाही. या सगळ्याच्या मागे भीती एकच, की गोरा माणूस खाली पडलेला आणि काळा माणूस वर उभा असलेला प्रजेने बघता कामा नये. ती प्रजा म्हणजे आफ्रिकेतली माणसं आणि आपले पणजोबा-आजोबा. मँचेस्टरमध्ये जन्मलेल्या एका पोराचं टायटल अडवलं गेलं ते आपल्यासारख्यांच्या मनात काही येऊ नये म्हणून, हे कळल्यावर मला ती गोष्ट परक्याची वाटायची थांबली.

आणि 1911 च्याच उन्हाळ्यात आपले क्रिकेटर बाळू पळवणकर इंग्लंडच्या मैदानांवर बॉलिंग करत होते, त्या दौऱ्यात त्यांनी शंभराच्या वर विकेट्स काढल्या. परत येऊनही हिंदू संघाची कॅप्टनशिप त्यांना कधीच मिळाली नाही, ते चांभार होते म्हणून. ती मिळाली 1923 मध्ये त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलना. तेव्हा इंग्रजांना नावं ठेवून मला मोकळं होता येत नाही. जोड न देण्याची ही युक्ती आपल्याला शिकवायला कोणी बाहेरून यावं लागलं नव्हतं.

असो. परत लेनकडे.

1926 मध्ये तो ऑस्ट्रेलियाला गेला. त्या काळात जहाजाने कित्येक आठवडे. तिथे फेब्रुवारीत सिडनीला त्याने हॅरी कॉलिन्सला हरवलं आणि ब्रिटिश एम्पायरचं मिडलवेट टायटल जिंकलं, कारण ऑस्ट्रेलियात ते लढायला त्याला मिळालं. तो साम्राज्याचा चॅम्पियन होऊन घरी आला आणि घरच्यांनी ते मानलंच नाही. नुसतं दुर्लक्ष केलं, आणि एम्पायर टायटल टॉमी मिलिगन या गोऱ्या बॉक्सरचं म्हणून चालू ठेवलं. मी कधी कधी तो परतीचा प्रवास डोळ्यासमोर आणतो, बोटीवर तेवीस वर्षांचा पोरगा, मनात धरून बसला असेल की आता तर नाही म्हणता येणार नाही त्यांना.

1927 मध्ये लंडनच्या ब्लॅकफ्रायर्सला, जुन्या गोल चॅपलचा बॉक्सिंग हॉल केला होता त्याला द रिंगच म्हणायचे, तिथे त्याने लेन हार्वेला पॉइंट्सवर हरवलं. हार्वे म्हणजे दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं इंग्लंडचं सगळ्यात मोठं नाव म्हटलं तरी चालेल, पुढे मिडलवेट, लाइट हेवीवेट आणि हेवीवेट अशा तीन वजनांत तो ब्रिटिश चॅम्पियन झाला. पाच वर्षांनी, 1932 च्या मेमध्ये, अल्बर्ट हॉलला दोघं परत भेटले आणि हार्वे जिंकला. तोपर्यंत लेनच्या अंगावर बूथच्या हजारो राउंड्सचा हिशोब चढलेला होता. त्याच्या चाहत्यांना ही हार सांगायला आवडत नाही असं दिसतं, मला उलट ती सांगावीशी वाटते. हरणं त्याच्या हक्काचं होतं. त्याला टायटलची लढत देऊन तो हरला असता तर मी आज हे लिहायला बसलो नसतो.

बऱ्याच ठिकाणी त्याला मुकुट नसलेला चॅम्पियन म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. त्यात कसलं तरी समाधान आहे, जणू मुकुट ही किरकोळ गोष्ट होती. त्याला ती किरकोळ वाटत नव्हती. टायटल म्हणजे मोठी रक्कम, अमेरिकेतली बोलावणी, म्हातारपणाची सोय, आणि वर्तमानपत्रात एक ओळ, की अमुक वर्षी अमुक दिवशी हा देशातला सगळ्यात भारी होता. 1933 मध्ये तो थांबला, एकतीसचाही नव्हता, थकून आणि मन उडून थांबला. मग स्वतःचा बूथ काढला आणि दुसरं महायुद्ध लागेपर्यंत गावोगावच्या जत्रा फिरला, म्हणजे जिथून निघाला तिथेच, फक्त आता तंबू स्वतःचा.

इथवर वाचून कोणीही म्हणेल की ही वाया गेलेल्या माणसाची गोष्ट आहे. मलाही तसंच वाटलं होतं.

महायुद्धात मँचेस्टरवर बॉम्ब पडले तेव्हा लेन हेवी रेस्क्यूच्या पथकात होता, पडलेल्या इमारतींखालून माणसं काढायची, त्यात मेलेलीही आलीच. नंतर लॉरी चालवून पोट भरलं. कम्युनिस्ट पक्षात गेला. ऑक्टोबर 1945 मध्ये मँचेस्टरच्या चॉर्ल्टन-ऑन-मेडलॉक टाऊन हॉलमध्ये पाचवी पॅन-आफ्रिकन काँग्रेस भरली, पुढे घानाचे राष्ट्राध्यक्ष झालेले एन्क्रुमा, केनियाचे झालेले केन्याटा, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे म्हातारे नेते डू बॉइस, सगळे त्या एका हॉलमध्ये, आणि प्रतिनिधी म्हणून आपला हा बूथवरचा गडीही होता. त्या हॉलचा दर्शनी भाग अजून आहे, मी बसने जाताना रोज दिसतो. 1946 मध्ये मँचेस्टरच्याच मॉस साइड भागात त्याने सिड बूथ आणि विल्फ चार्ल्स या दोघांबरोबर न्यू इंटरनॅशनल क्लब काढला, काळ्या-गोऱ्या सगळ्यांसाठी, जिथे नोकरी नाकारली, घर नाकारलं अशा तक्रारी घेऊन लोक यायचे. 1949 मध्ये पॉल रोबसन हा काळा अमेरिकन गायक तिथे येऊन गायला. लेन सहा वेळा नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला आणि सहाही वेळा पडला. सहा वेळा उभं राहायला काय लागत असेल त्याचा विचार करा.

त्यातच 1948 मध्ये बॉक्सिंग बोर्डाने ती अट काढली. आणि 28 जून 1948 ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर डिक टर्पिनने व्हिन्स हॉकिन्सला हरवलं आणि तो पहिला काळा ब्रिटिश चॅम्पियन झाला. वजन कुठलं? मिडलवेट. लेनचंच. तीन वर्षांनी डिकचा धाकटा भाऊ रँडॉल्फ याने शुगर रे रॉबिन्सनला हरवून जगाचं टायटल घेतलं. लेन तेव्हा अठ्ठेचाळीसचा.

गेल्या वर्षी आबा तीन महिने माझ्याकडे राहून गेले. शहात्तर वय, गुडघे दुखतात, पण घरात बसवत नाही. एका शनिवारी त्यांना ओल्ड ॲबीला घेऊन गेलो. आबा माळकरी आहेत, पबमध्ये यायला आधी तयारच नव्हते, म्हटलं आबा तुम्ही फक्त दार बघा, आत नका येऊ. मग दारासमोर उभं राहून मी त्यांना सांगितलं. 30 सप्टेंबर 1953 ला संध्याकाळी लेन आणि विल्फ चार्ल्स इथे प्यायला आले. मालकाने लेनला दारू द्यायला नाही म्हटलं, काळ्यांना देत नाही म्हणून. हे निघेनात तेव्हा पोलिस बोलावून बाहेर काढलं. पन्नाशीला टेकलेला माणूस, याच शहरात जन्मलेला, याच शहरातल्या ढिगाऱ्याखालून माणसं काढलेला. तर त्याने हात उचलला नाही. शहराच्या मेयरला कळवलं, बिशपला कळवलं, शेजारपाजारच्या लोकांना गोळा केलं, आणि तीन दिवसांनी या दारासमोर दोनशेच्या वर माणसं उभी राहिली, काळी आणि गोरी. शेवटी मालकाने बंदी उठवली आणि लेनला आत बोलावून त्याच्यासमोर ग्लास ठेवला.

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आरं पर त्या बेल्टाच्या वक्ताला असं कुणी हुबं न्हाई ऱ्हायलं व्हय त्याच्यासाठी?"

मी म्हटलं, "नाही आबा."

"एकजण बी न्हाई?"

मला उत्तर देता आलं नाही. हॉल भरायचे, टाळ्या व्हायच्या, नाणी पडायची. पण दोनशे माणसं दारासमोर उभी राहिल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही. आबांनी त्या दाराच्या शेजारच्या विटेवर हात ठेवला, जसा तालमीत शिरताना उंबऱ्याला लावतात तसा, आणि मग आत जाऊया म्हणाले. मी संत्र्याचा ज्यूस आणला दोघांना. काउंटरवरच्या मुलीने विचारलं की कुठून आलात, मी सांगितलं, आबांच्या कानाकडे बघून ती हसली आणि स्वतःच्या कानाला हात लावून बॉक्सर का असं विचारलं. आबांना प्रश्न न सांगताच कळला. ते ताठ बसले आणि म्हणाले, "पैलवान."

लेन 1974 च्या सप्टेंबरमध्ये वारला, ओल्डहॅमला, मँचेस्टरहून अर्ध्या तासावर. त्याचा पुतळा व्हावा म्हणून इथे काही लोक धडपडतायत, मीही सही केली आहे.

घरी आल्यावर आबांनी गावाकडच्या वस्तादांना फोन लावला, स्पीकरवर, कारण त्यांना दोघांनाही कमी ऐकू येतं. तिकडे रात्रीचे दहा वाजले होते. "वस्ताद, हितं एक लई मोठा पैलवान हुता. जान्सन नावाचा." तिकडून वस्तादांनी विचारलं, कुठल्या तालमीचा. आबा म्हणाले, "जत्रंतला. तंबूतला. जोडच दिली न्हाई वो त्याला, जल्मभर." तिकडे थोडा वेळ नुसती खरखर. मग वस्ताद म्हणाले, "पर फडात फिरत हुता का?"

"फिरत हुता," आबा म्हणाले. "शेवटपातुर फिरत हुता."

मग पाऊस कुठवर आलाय ते निघालं, आणि यंदा उसाला भाव काय मिळतोय ते.